चौथ्या चौथऱ्यावरची सायकल

शनिवारी सकाळी सव्वासहा वाजता अरुण खांबेटे मुलीच्या गाडीत मागच्या बाजूला एका सायकलीला मिठी मारून बसले होते. सायकल डिकीत मावेना, म्हणून मागची अर्धी सीट पाडून ती आडवी घातली होती आणि प्रत्येक वळणावर तिचं हँडल अरुणरावांच्या बरगडीत घुसत होतं. त्यांनी ते निमूटपणे सोसलं. सायकल दुसऱ्याची होती, आणि दुसऱ्याच्या वस्तूला ओरखडा आणण्यापेक्षा स्वतःच्या बरगडीला आलेला बरा, असं त्यांचं मत होतं.

सायकल दत्तारामची होती. दत्ताराम त्यांच्या अल बर्शामधल्या इमारतीत एसी आणि नळांची कामं बघायचा. मूळचा राजापूर तालुक्यातला, दुबईत येऊन अकरा वर्षं झालेली, मुक्काम अल कूझच्या कामगारांच्या कॅम्पात. खांबेट्यांच्या घरातला नळ गळो, पंखा कुरकुरो, नाहीतर कपाटाचं दार निखळो, अरुणराव आधी दत्तारामला फोन करायचे आणि मग चष्मा लावून काय बिघडलंय ते बघायचे. शिडी, ड्रिल, पकड हे सगळं त्यांनी त्याच्याकडून वेळोवेळी मागून नेलं होतं. सायकल मात्र पहिल्यांदाच.

त्याचं कारण श्रिया. तिनं बाबांसाठी भाड्याची रेसिंग सायकल ठरवली होती. अरुणराव आदल्या संध्याकाळी दुकानात जाऊन तिच्यावर बसून आले आणि घरी येऊन उभ्यानंच जेवले. "बाबा, इट्स द ईझिएस्ट रूट," श्रिया म्हणाली. "टोटली फ्लॅट. इव्हन किड्स डू इट." वाळवंटातून जाणारा बावीस किलोमीटरचा गुळगुळीत गोल रस्ता, मोटारींना बंदी, आणि वाटेत ठिकठिकाणी उघड्यावर मांडलेल्या सात कलाकृती. एकोणतीस वर्षं या देशात काढून अरुणरावांनी वाळवंट पाहिलं होतं ते फक्त गाडीच्या काचेतून, एसी चालू असताना. जायचं तर होतंच. पण कॅरिअर, घंटी आणि माणसाला बसता येईल अशी सीट असलेल्या सायकलीवरून.

दत्तारामनं सायकल दिली, पण अट घातली. "साहेब, साडेधाला बेसमेंटात पायजे. अकराला माझी ड्युटी हाय." शनिवारी तो व्हिलांच्या एका वसाहतीत एसीचे फिल्टर बदलत दारोदार फिरायचा, सायकलीच्या कॅरिअरवर सामान बांधून. या महिन्यात दोन लेट मार्क झाले होते. तिसरा झाला की डिसेंबरची रजा रद्द, असं सुपरवायझरनं बजावलं होतं, आणि डिसेंबरात गावी रुपालीचं, म्हणजे त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं.

"दहा एकोणतीसला सायकल तुमच्या हातात असेल," अरुणराव म्हणाले होते. ते एका विमा कंपनीत क्लेम तपासायचे. आकडा आणि शब्द या दोन गोष्टी त्यांनी आयुष्यात कधी चुकवल्या नव्हत्या, आणि दुसऱ्या कुणी चुकवल्या तर त्याचा क्लेम मंजूर केला नव्हता.

सायकलीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दसरा परवाच, गुरुवारी झाला होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दत्तारामनं पान्हे, पकडी आणि सायकल यांची रीतसर पूजा केली होती. हँडलला मीना बाजारातून आणलेला झेंडूचा हार होता. मडगार्डवर हळदी-कुंकवाची बोटं होती, चाकांच्या तारांत चंदेरी झिरमिळ्या गुंफल्या होत्या आणि पुढे लिंबू-मिरची लोंबत होती. सीटवर त्याच्या बायकोनं, आशानं, विणून पाठवलेलं लाल-हिरवं लोकरीचं कव्हर होतं. आपट्याची पानं इथे कुठली मिळायला, म्हणून रस्त्याकडेच्या गाफच्या झाडाखाली पडलेली एक डहाळी उचलून त्यानं सायकलीच्या दिव्यापाशी खोचली होती. हार पाच दिवस उतरवायचा नाही असा त्याच्या घरचा रिवाज होता. अरुणरावांनी तो मान्य केला. श्रियानं गाडीत एकदा मागे वळून बघितलं, "ओह माय गॉड" म्हणाली आणि गॉगल चढवला.

पहिले बारा किलोमीटर अरुणराव फार सुखात होते. रस्ता खरोखरच तळहातासारखा सपाट होता. ऊन अजून कोवळं होतं, वारा पाठीशी होता आणि झिरमिळ्या गोड आवाज करत होत्या. श्रिया एकदोनदा थांबून मग पुढे निघून गेली. ठरल्याप्रमाणे ती पूर्ण फेरी मारून त्यांना मागून गाठणार होती. अरुणराव प्रत्येक कलाकृतीशी थांबून पाटी वाचत होते. पहिल्या ठिकाणी वाळूत रोवलेली तीन मजली उंच सुई होती, दुसऱ्या ठिकाणी नुसत्या आरशांची भिंत, तिसऱ्या ठिकाणी ओळीनं उभी केलेली पाण्याची पिंपं. पिंपांच्या पाटीवर लिहिलं होतं की हे 'तहानेचं स्मारक' आहे. अरुणरावांनी बाटलीतलं पाणी पिऊन त्याला मान दिला.

चौथ्या ठिकाणी नुसताच चौथरा होता. गुडघाभर उंचीचा पांढरा काँक्रीटचा चौथरा, वर काही नाही, आणि बाजूला पाटी: 'ओझं. मिश्र माध्यम.' ही कलाकृती गेल्या आठवड्यातल्या वाऱ्यात मोडली होती, दुरुस्तीला गेली होती आणि याच सकाळी परत यायची होती. पण हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं, आणि पाटीवर न लिहिलेलं अरुणराव वाचू शकत नव्हते. त्यांना समोर दिसलं ते साठ पावलांवरचं स्वच्छतागृह. सायकलीचं स्टँड मोडकं होतं. वाळूत आडवी टाकली तर चेनमध्ये रेती जाणार, हार चुरगळणार. म्हणून त्यांनी सायकल उचलून चौथऱ्यावर ठेवली, तिथल्या लोखंडी खुंट्याला नीट टेकवली आणि समाधानानं गेले.

परत यायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. येऊन बघतात तो सायकलीभोवती चारी बाजूंनी दोरी लागलेली, दोरीबाहेर तंग कपड्यांतले वीसेक सायकलस्वार हेल्मेट काढून उभे, आणि दोरीच्या आत गणवेशातला एक तरणा रखवालदार हात पसरून सगळ्यांना मागे सारतोय. त्याच्या छातीवर रोशन असं नाव होतं. तो नेपाळचा, आणि कामाचा त्याचा पहिलाच दिवस होता. दुरुस्त झालेली कलाकृती सकाळी येईल, आल्याबरोबर दोरी लावायची आणि कुणी बोट लावलं तर तुझी नोकरी गेली, अशा तीन सूचना त्याला मिळाल्या होत्या. त्यांतल्या दोन त्यानं चोख पाळल्या होत्या आणि तिसरीसाठी तो जिवावर उदार होऊन उभा होता.

अरुणरावांनी दोरी ओलांडायला पाय उचलला. रोशननं तो अलगद परत ठेवायला लावला.

"भाई, ये सायकल मैंने रखा है."

"आपने रखा है? तो आप आर्टिस्ट हैं, सर?"

आता इथे दुसऱ्या कुणीही सरळ 'हो' म्हटलं असतं, सायकल उचलली असती आणि गोष्ट संपली असती. पण अरुणरावांनी तीस वर्षं लोकांचे खोटे क्लेम पकडले होते. स्वतःच्या तोंडानं खोटं बोलणं त्यांना जमणार नव्हतं. ते म्हणाले, मी आर्टिस्ट नाही.

"तो सायकल आपका है?"

"मेरा नहीं है. दत्ताराम का है."

"और ये फूल-वूल, ये सब?"

"वो भी दत्ताराम ने किया है."

रोशननं खिशातून वही काढली, अक्षर लावून नाव लिहिलं आणि वॉकीटॉकीवर कळवलं की कलाकृती पोचली आहे, आर्टिस्टचं नाव दत्ताराम, आणि एक गृहस्थ तिला हात लावू बघत आहेत. मग त्यानं नम्रपणे सांगितलं की आता वस्तू हलवायची तर आर्टिस्टची सही लागेल. अरुणरावांना राग यायला हवा होता. पण पोरगं नियमानं वागत होतं, आणि नियमानं वागणाऱ्यावर रागावण्याची त्यांना सवय नव्हती. ते घड्याळाकडे बघत एका दगडावर बसले. पावणेनऊ झाले होते.

थोड्या वेळानं बॅटरीच्या छोट्या गाडीतून हुमेराबाई आल्या. प्रदर्शनाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. हैदराबादच्या, बोलायला गोड, आणि रात्रभर झोप न झाल्यासारखा चेहरा. सायकलीकडे बघताक्षणी त्यांना सगळं कळलं, कारण खरी कलाकृती घेऊन येणारा ट्रक अजून शारजाच्या वाटेवर बंद पडलेला होता. अरुणरावांना वाटलं, सुटलो. पण हुमेराबाईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि जवळजवळ हात जोडले. दहा वाजता या जागेसाठी ज्यांनी मदत केली ते बडे पाहुणे येणार होते. त्यांना रिकामा चौथरा कसा दाखवायचा? दहा मिनिटांचा प्रश्न आहे, पाहुणे गेले की सायकल तुमची.

अरुणरावांनी त्यांना साडेदहाचा शब्द, अकराची ड्युटी, दोन लेट मार्क, डिसेंबर आणि रुपालीचं लग्न हे सगळं तारखांसह सांगितलं. हुमेराबाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, असं असेल तर त्या दत्ताराम साहेबांनाच इथे बोलवा. वहीत त्यांचं नाव चढलंय, सही तर त्यांचीच लागणार. गाडीचा पास मी गेटवर सांगून ठेवते.

अरुणरावांनी फोन लावला. आयुष्यात इतका अवघड फोन त्यांनी एकदाच केला होता, बायकोच्या, म्हणजे सुमेधाताईंच्या वडिलांना, लग्नाच्या आधी.

"दत्ताराम, सायकल जरा अडकलीय."

"पंक्चर?"

"नाही. प्रदर्शनात."

मग दत्तारामनं शांतपणे पत्ता विचारला. समाधान नावाचा त्याचा साताऱ्याकडचा दोस्त लॉन्ड्रीची व्हॅन चालवायचा आणि त्याची फेरी त्याच बाजूला होती.

मधल्या वेळात श्रिया आली. फेरी पूर्ण करून, घामानं निथळत, गर्दी बघून ती थांबली. हळू पावलांनी दोरीपर्यंत गेली, दोन फोटो काढले आणि बाजूच्या मुलीला म्हणाली, "धिस इज सो पॉवरफुल." मग तिचं लक्ष लाल-हिरव्या सीटकडे गेलं आणि त्यानंतर दगडावर डोकं धरून बसलेल्या वडिलांकडे.

"बाबा. इज दॅट दत्ताराम अंकल्स सायकल?"

"हो."

"व्हॉट डिड यू डू?"

"बाथरूमला गेलो होतो," अरुणराव म्हणाले. एवढंच तर केलं होतं त्यांनी.

दहा वीसला लॉन्ड्रीची व्हॅन आली आणि तिच्यातून दत्ताराम उतरला. निळा गणवेश, खिशाला टेस्टर, केस पाण्यानं चापून बसवलेले. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं पाहुणेही वीस मिनिटं उशिरा पोचले. पाचसहा जण होते, पुढे पांढराशुभ्र कंदोरा, म्हणजे अरबी पायघोळ झगा, घातलेले एक वयस्क गृहस्थ, हातात काठी. हुमेराबाईंनी इंग्रजीतून सुरुवात केली. स्थलांतर, श्रम, स्मृती असे मोठमोठे शब्द वाळूवर पडत राहिले. वृद्ध गृहस्थांनी ते सभ्यपणे ऐकून घेतले आणि काठीनं लिंबाकडे खूण करून सरळ हिंदीत विचारलं. त्यांच्या तरुणपणी इथले व्यापारी मुंबईला येऊन जाऊन असत, ती हिंदी त्यांच्या तोंडात अजून शाबूत होती.

"ये निंबू किसके वास्ते?"

हुमेराबाई थांबल्या. त्यांनी अरुणरावांकडे बघितलं, अरुणरावांनी दत्तारामकडे. दत्ताराम टेस्टर चाचपत पुढे झाला.

"नजर नय लगना करके, साहब."

गृहस्थांनी मान हलवली. नजर त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. मग ते दोरीवरून वाकले आणि दिव्यापाशी खोचलेल्या डहाळीकडे बघत राहिले. "ये तो गाफ है."

"हमारे गाव में इसको शमी बोलते. दसरे को पूजा करते."

"गाफ की?" गाफ म्हणजे त्यांच्या देशाचं राष्ट्रीय झाड. ते मागे वळून आपल्या माणसांशी अरबीत काहीतरी बोलले. सगळे त्या चार सुकल्या पानांकडे बघायला लागले. "और सायकल को फूल क्यों?"

दत्ताराम जरा घुटमळला. इतक्या लोकांनी एकदम त्याच्याकडे बघावं असं कधी झालं नव्हतं. "साल भर ये मेरे को ले जाता, ले आता. कभी कुछ मांगता नहीं," तो म्हणाला. "तो साल में एक दिन हम इसको सलाम करता. हत्यार को भी करता. पान्हा, हातोडी, सब को. इनके कारन घर चलता है ना, साहब."

आपल्या घरातला कुठला पंखा, कुठला नळ, कुठलं दार या माणसानं दुरुस्त केलेलं नाही, याचा अरुणराव हिशेब करू लागले आणि त्यांना एकही सापडेना. वर्षातून एक दिवस आपण कुणाला काय म्हणतो, हेही त्यांना आठवेना. पगारवाढीच्या पत्राला 'धन्यवाद' असं उत्तर लिहिलं होतं, ते तेवढं आठवलं.

वृद्ध गृहस्थ "माशाल्ला" म्हणाले आणि त्या झेंडूच्या हाराला हात लावायला त्यांनी बोट पुढे केलं.

"नो टच, सर," रोशन म्हणाला.

हुमेराबाईंनी डोळे मिटून घेतले. पण गृहस्थ हसले, हात मागे घेतला, आणि हा मुलगा चांगला आहे, याला कामावर ठेवा, असं सांगून पुढच्या कलाकृतीकडे निघाले. जाताना त्यांनी दत्तारामचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. रोशननं वहीत दत्तारामची सही घेतली, दोरी सोडली आणि सायकल खाली उतरवताना स्वतःच्या रुमालानं हँडल धरलं.

पावणेअकरा झाले होते. अरुणराव दत्तारामसमोर उभे राहिले. मी तुमच्या सुपरवायझरशी बोलतो, ते म्हणाले, लेखी देतो, चूक सगळी माझी आहे, कंपनीच्या लेटरहेडवर देतो. रुपालीच्या लग्नाला तुम्ही पोचला नाहीत तर मी स्वतःला माफ करणार नाही.

दत्ताराम हार सारखा करत होता. "साहेब, गप ऱ्हावा जरा. ड्युटी तीनला हाय."

"तीनला? तुम्ही अकरा म्हणाला होता."

"म्हणालो व्हतो." दत्तारामनं मान खाली घातली, पण लाज वाटल्यासारखी नव्हे. "तुमी शिडी घेतलीत तेव्हा संध्याकाळी देतो म्हणालात नि बुधवारी दिलीत. ड्रिल तर गेल्या दिवाळीपासून तुमच्याच घरी हाय. लग्नाची गोष्ट व्हती, मंग मी चार तास हातचे राखले."

श्रिया दुसरीकडे बघून हसायला लागली. अरुणराव आधी पांढरे पडले, मग लाल झाले. दिलेला शब्द कधी चुकवला नाही, ही त्यांची समजूत एका शिडीनं आणि एका ड्रिलनं जागच्या जागी आडवी केली होती. पण त्याहून मोठा होता तो सुटकेचा आनंद. लग्न वाचलं होतं. त्यांनी भर उन्हात, वीस सायकलस्वारांदेखत, दत्तारामला मिठी मारली. टेस्टर त्यांना छातीत टोचला, तो त्यांनी टोचू दिला.

"मग आता काय करताय?" त्यांनी विचारलं.

दत्तारामनं रस्त्याच्या पुढच्या बाजूला बघितलं. "आणखी किती हायत असली?"

"तीन."

"तर मंग बघून जाऊ."

समाधान व्हॅन घेऊन आपल्या फेरीला गेला आणि तिघं सायकली ढकलत पुढे निघाले. पाचव्या ठिकाणी वाळूत बारा रिकाम्या चौकटी उभ्या होत्या. दत्तारामनं सायकल श्रियाच्या हातात दिली आणि एकेका चौकटीखालून जाऊन आला. सुतारकाम झकास आहे, म्हणाला, पण दोन चौकटी काटकोनात नाहीत. सहाव्या ठिकाणी दगडांचा एक ढीग होता. त्याच्यापाशी तो बराच वेळ उभा राहिला आणि हे काय आहे, असं त्यानं अरुणरावांना विचारलं. अरुणरावांनी पाटी दोनदा वाचली आणि मलाही कळलं नाही, असं कबूल केलं. दत्तारामला फार बरं वाटलं. मग दोघं त्या ढिगाच्या सावलीत बसले. श्रियानं पिशवीतून खजूर काढून दोघांना दिले आणि जरा लांब जाऊन बसली.

"अकरा वर्षं झाली," दत्ताराम वाळवंटाकडे बघत म्हणाला. "कॅम्प, साइट, बाजार, परत कॅम्प. हिकडं मला आजवर कोणी काय बघायला बोलावलं नव्हतं. तुमी बोलावलंत. त्यासाठी माझी सायकल अडकवायला लागली, ती गोष्ट येगळी."

थँक यू म्हणावं तर ते फार छोटं होतं, आणि त्याहून मोठं अरुणरावांना आजवर कधी लागलंच नव्हतं. त्यांनी तोंडातली बी काढून हातात धरली.

"पुढच्या शनिवारी याल का परत? सकाळीच. ड्युटीच्या आधी."

"येईन की." दत्ताराम उठला, कपडे झटकले आणि आशाच्या लोकरीच्या कव्हरावर टांग टाकून बसला. "पण साहेब, तुमची तुमी एक सायकल घ्या."